खातेदारांना फोन द्या

"ही हाताळणी खातेदाराची वाटत नाही. अनोळखी व्यक्तीने हा फोन ताबडतोब खातेदाराच्या हाती द्यावा."

हे वाक्य माझ्याच फोनवर, माझ्याच खात्यात उमटलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते आणि खातेदार आंघोळीला गेला होता. खातेदार म्हणजे माझा नवरा. मला हे त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. बँकेला मात्र कितीतरी वर्षं माहीत होतं.

माझं नाव त्रिशला आरवाडे. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून लागले आणि चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झाले. उसाच्या रसात साखर किती आणि बाता किती, हे भल्याभल्या संचालकांना तोंडावर सांगायचं, हे माझं काम. गाळप सुरू असलं की तिथं माणसं एकमेकांशी खुणांनी बोलायची, इतका मिलचा धडधडाट. त्यात उजवा कान नोकरीतच गेला. डावा निवृत्तीनंतर जाऊ लागला. आता समोरच्याचं बोलणं माझ्या हातातल्या फोनवर अक्षरांत उमटतं आणि मी ते वाचते. लोक म्हणतात, मग अडलं कुठं? हॉटेलचं मेनूकार्ड वाचून पोट भरलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मिरजेच्या डॉक्टर नसरीन मुजावर यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. कानाच्या आतल्या शंखात एक बारीक तार बसवायची. बाहेरचं यंत्र आवाज पकडणार, तार तो विजेच्या ठोक्यांनी थेट नसेपर्यंत पोचवणार. "पण आरवाडे मॅडम, नस झोपत चाललीय," त्या म्हणाल्या. "अजून वर्षभर काढलंत, तर यंत्र बसवूनही नुसता गोंगाट येईल. शब्द येणार नाहीत. काय करायचं ते या दोन महिन्यांत करा."

घरी येऊन मी हे आमच्या श्रीयुतांना सांगितलं. श्रीयुत म्हणजे भूपाल आरवाडे, पाटबंधारे खात्यातले निवृत्त अधीक्षक आणि विश्रामबागच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या 'सायबर सावधान समिती'चे अध्यक्ष. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बघू."

या माणसाचं 'नाही' मी आयुष्यात ऐकलेलं नाही. तो 'बघू' म्हणतो आणि गोष्ट मरेपर्यंत वाट बघतो. मी आठवडाभरानं पुन्हा विचारलं, तेव्हा माझ्या फोनवर त्यांचं वाक्य उमटलं, "या वयात एवढं काय ऐकायचं राहिलंय तुझं?"

पैसे माझे होते. माझ्या पगाराचे, माझ्या निवृत्तीचे, माझ्या खात्यात. त्यांचे त्यांनी कवठेमहांकाळच्या माळावर एका प्लॉटमध्ये घातले होते, जिथं अजून कुसळंसुद्धा धड उगवत नाहीत. म्हणून मी ठरवलं की यांच्या 'बघू'ला आता विचारायचंच नाही. खात्याला जोडलेला फोन कायम यांच्या खिशात असायचा, "तुला बँकेचे फोन ऐकू येत नाहीत ना, म्हणून." ते आंघोळीला गेल्यावर मी तो उचलला, हॉस्पिटलचं नाव पैसे घेणाऱ्यांच्या यादीत घातलं, दोन्ही अंगठ्यांनी झपाझप रक्कम टाकली, आणि खात्यानं मला चोर ठरवलं.

श्रीयुत टॉवेल गुंडाळून बाहेर आले. स्क्रीन पाहून खो-खो हसले. फोन डाव्या तळहातावर थाळीसारखा आडवा ठेवला, उजव्या हाताच्या एकाच बोटानं टोचत टोचत आकडे घातले, दोनदा चुकले, चक चक केलं, पुसलं, परत घातले. खातं उघडलं.

"बघितलंस? माझ्याकडून उघडतं," म्हणाले. एवढ्या अभिमानानं त्यांनी आयुष्यात एखादा कालवासुद्धा उघडला नसेल.

या सगळ्याच्या मागं जे यंत्र होतं, त्याचं नाव 'सावली'. बँकेनं वर्षभरापूर्वी ते वाजतगाजत आणलं होतं. चौकाचौकात फलक होते, 'पासवर्ड चोरता येतो, सावली चोरता येत नाही.' त्यामागचं विज्ञान मी नंतर वाचून काढलं, आणि ते विज्ञान वाईट नाही हे मान्य करते. पूर्वी माणूस ओळखायच्या तीन तऱ्हा होत्या. तुम्हाला काय माहीत आहे, म्हणजे पासवर्ड. तुमच्याजवळ काय आहे, म्हणजे कार्ड नाहीतर फोन. आणि तुम्ही कसे आहात, म्हणजे ठसा, चेहरा, आवाज. पहिल्या दोन गोष्टी चोर आधीपासूनच पळवत होते. मग नकली चेहरे आणि नकली आवाज घरबसल्या तयार करून देणारी यंत्रं आली आणि तिसरीही गेली.

उरली फक्त सवय. फोन कुठल्या कोनात धरता, बोट काचेवर किती वेळ टेकतं, एका आकड्याकडून दुसऱ्याकडे जाताना किती रेंगाळतं, हात किती थरथरतो, बोलताना श्वास कुठे घेता, चुकता ते कसे चुकता. अशी शेकडो मापं घेऊन गणित तुमची एक आकृती बांधतं आणि खात्यातल्या प्रत्येक हालचालीला ती लावून बघतं. बसली तर ठीक, नाही बसली तर कुलूप. माणसाला स्वतःची सवय कधी दिसत नाही, त्यामुळे ती तो कुणाला सांगू शकत नाही, आणि सांगता येत नाही ते कुणी फोनवर काढूनही घेऊ शकत नाही. कल्पना खरंच सुरेख आहे.

पण ग्राहकांना त्रास नको म्हणून बँकेनं ही आकृती नव्यानं काढली नाही. जुन्या नोंदींवरून, मागच्या कित्येक वर्षांच्या हाताळणीवरून आणि ध्वनिमुद्रित फोनवरून काढली. ज्या हुशार मंडळींनी हे केलं, त्यांनी एक खातं म्हणजे एक माणूस असं धरलं होतं. ती कुठल्या देशात राहतात कुणास ठाऊक. आमच्याकडे एक खातं म्हणजे एक घर असतं. सासऱ्याचं पेन्शन सून काढते, आईचा ओटीपी मुलगा पुण्यातून ओरडून मागतो, आणि बायकोचं खातं नवरा चालवतो, अर्थात तिच्या भल्यासाठी. यंत्रानं इमानानं नवऱ्याचं बोट मोजलं आणि वर माझं नाव लिहिलं.

बँकेत मॅनेजर होते हुल्याळकर नावाचे. तरुण, गुळगुळीत, आणि समोरच्या माणसापेक्षा स्क्रीनकडे आदरानं बघणारे.

"मॅडम, सिस्टिमप्रमाणे तुम्ही तुम्ही नाही," ते म्हणाले.

मी आधार कार्ड ठेवलं, पॅन कार्ड ठेवलं, कारखान्याचं जुनं ओळखपत्र ठेवलं.

"कागद काय, कुणीही बनवतं हो आजकाल."

"आणि मी? मला कुणी बनवलं?"

"चेहरेपण बनवतात, मॅडम."

"मी खुर्चीत बसलेय, हुल्याळकर. चिमटा काढून बघा."

त्यांनी चिमटा काढला नाही. माझ्यापुढे माईक सरकवला आणि नाव सांगायला लावलं. माझा आवाज मुळातच जाड. त्यात मिलवर ओरडून ओरडून तो पार खर्जात गेलेला. कारखान्यात फोन उचलला की पलीकडचा हटकून 'नमस्कार साहेब' म्हणायचा. यंत्रानं माझं नाव माझ्या तोंडून ऐकलं आणि जुळणी शून्य दाखवली.

"खातेदारांचा आवाज खूप बारीक आहे," हुल्याळकर स्क्रीनकडे बघत म्हणाले. "फार नम्र बोलतात त्या. आमच्या स्टाफला माहीत आहेत."

ते पुढं म्हणाले, "नवी सावली काढता येते, पण त्याला जुन्या सावलीची संमती लागते. खातेदारांनीच फोनवर येऊन सांगितलं पाहिजे, आमच्या अधिकाऱ्याला. नाहीतर कुणीही उठेल आणि म्हणेल मी त्रिशला आरवाडे."

"कुणीही उठून तसं म्हणतंयच की," मी म्हणाले आणि उठले.

घरी येऊन विचारल्यावर श्रीयुत जराही लाजले नाहीत. "अगं, बँकवाले म्हणायचे, खातेदाराशीच बोलायचंय. तुला तर ऐकू येत नाही. मग मी जरा आवाज बारीक करायचो. एवढं काय त्यात? कामं अडली का कधी तुझी?"

"मग आता एकदा बारीक करा आणि संमती द्या."

इथं मात्र चेहरा बदलला. नवा कायदा आला होता, त्यांनीच समितीच्या सभेत मोठ्यानं वाचून दाखवलेला. दुसऱ्याच्या ओळखीनं बँकेशी बोलणं गुन्हा, मग तो घरातला का असेना. आजवरचं झाकलेलं होतं. नवी सावली काढायची म्हटलं की कुणीतरी जुनी तपासणार. "समितीच्या अध्यक्षाचं नाव असल्या प्रकरणात आलं तर? चार लोकांत माझी अब्रू आहे, त्रिशला."

"आणि माझे कान?"

"बघू," ते म्हणाले.

माझ्या कानाच्या आणि माझ्या पैशांच्या मध्ये काय उभं होतं, ते आता मला नीट दिसलं. विश्रामबागेतल्या डझनभर म्हाताऱ्यांपुढं मिरवायची एक टोपी. दर रविवारी हा माणूस बायकोचा फोन खिशात ठेवून लोकांना सांगायचा, "आपला फोन कुणाच्याही हाती देऊ नका." आणि लोक टाळ्या वाजवायचे. मला त्यांचा राग आला नाही. रागासाठी समोर काहीतरी वजनाचं असावं लागतं.

डॉक्टरांनी दिलेली मुदत संपत आली होती. एके दुपारी मी पापड वाळत घालून गच्चीवरून खाली आले तर झोपण्याच्या खोलीचं दार आतून बंद. हे दुपारी दार लावून कधी झोपत नाहीत. मी दाराला हात लावला तर आत कुणीतरी बोलत असल्याची थरथर लाकडात जाणवली. मी माझा अक्षरांचा फोन दाराच्या फटीशी धरला आणि वाचू लागले.

"त्रिशला आरवाडे, तुमच्या नावावर परदेशात पार्सल पकडलं गेलं आहे. तुम्ही आमच्या नजरकैदेत आहात. फोन बंद करायचा नाही. घरात कुणाला सांगायचं नाही."

त्याखाली दुसरी ओळ आली. "साहेब, मी एक साधी गृहिणी आहे. मला बाई यातलं काही कळत नाही."

मला कळेना की माझ्या घरात ही कोण गृहिणी शिरली. मग लक्षात आलं, आणि मी भिंतीला टेकले.

"नवऱ्याला सांगितलंत तर त्यांनाही अटक होईल."

"नको हो साहेब. आमचे मिस्टर फार सज्जन आहेत. समाजात त्यांना मान आहे."

ज्या नमुन्याच्या फोनची नक्कल करून हा माणूस रविवारी लोकांना हसवायचा, तोच फोन आला होता आणि हा त्यात गळ्यापर्यंत बुडाला होता. त्याला एका वाक्यात सुटता आलं असतं, 'मी त्रिशला नाही, तिचा नवरा आहे.' पण ते बोलणं म्हणजे गुन्ह्याची कबुली. पलीकडे खरंच पोलीस असतील तर? म्हणून अध्यक्षमहाशय माझं नाव घेऊन, माझ्या वतीनं, स्वतःच्या चारित्र्याचं प्रमाणपत्र देत बसले होते.

"तुमच्या खात्याची तपासणी करायची आहे. मी सांगतो त्या सरकारी खात्यात सगळी रक्कम पाठवा. तपासणी झाली की परत येईल."

"हो साहेब. लगेच साहेब. उघडलं साहेब."

कुठलीही बँक इथं तरी जागी होईल असं तुम्हाला वाटेल. सावलीनं भीतीसुद्धा मोजायला हवी होती, आणि ती मोजतही होती. पण माझ्या नावाची ही बाई पहिल्या दिवसापासून घाबरतच व्यवहार करत आली होती. थरथरणारं बोट, दोनदा चूक, अडकलेला श्वास, हेच तर तिचं ओळखपत्र. ती शांत असती तर कुलूप लागलं असतं. घेणाऱ्याचं खातंही रीतसरच असावं. कुणा गरजवंतानं आपल्या सवयींसकट ते भाड्यानं दिलं असणार.

मी मागच्या गॅलरीतून खिडकीशी गेले. खिडकीचं दार ओढलं आणि आत हात घालून गॅलरीकडच्या दाराची आतली कडी काढली. श्रीयुत पलंगाच्या कडेला अंग चोरून बसले होते. डोक्यावरून माझी शाल घेतली होती. का, ते मी आजवर विचारलेलं नाही. मी फोन त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि तो कॉल तोडला.

ते ओठ हलवत माझ्यावर धावून आले. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि ते परत बसले. कारखान्यात या नजरेपुढं ट्रॅक्टरवाले ऊस परत घेऊन जायचे.

स्क्रीनवर माझं खातं सताड उघडं होतं. सगळी रक्कम भरून तयार होती, फक्त घेणाऱ्याचं नाव बाकी होतं, आणि यादीत मी घातलेलं मिरजेचं हॉस्पिटल तसंच पडून होतं. मला आता ते करायचं होतं, पण मी म्हणून केलं असतं तर कुलूप लागलं असतं. म्हणून मी फोन डाव्या तळहातावर थाळीसारखा आडवा ठेवला. उजव्या हाताचं एकच बोट काढलं. संसारभर हा माणूस माझ्यासमोर बसून हे करत आला आहे. त्याचा कंटाळवाणेपणा मला तोंडपाठ आहे. टोचायचं, थांबायचं, परत टोचायचं. रक्कम पुसून हॉस्पिटलची टाकताना दोनदा मुद्दाम चुकले. चक चकसुद्धा केलं. नवरा माझं सोंग करत आला होता आणि मी त्या सोंगाचं सोंग करत होते, आणि यंत्र समाधानानं प्रत्येक टोचणीला हिरवी खूण देत होतं.

शेवटी स्क्रीनवर आलं, "रक्कम मोठी आहे. कृपया आपल्या आवाजात संमती द्या."

मी फोन श्रीयुतांच्या तोंडासमोर धरला.

"बोला, त्रिशलाबाई."

ते इकडेतिकडे बघू लागले. मी म्हणाले, "नाहीतर त्या साहेबांना परत फोन लावते. नजरकैदेत राहायचंय का?"

त्यांचे ओठ हलले. माझ्या दुसऱ्या हातातल्या फोनवर अक्षरं उमटली, "मी त्रिशला भूपाल आरवाडे. ही रक्कम मी माझ्या मर्जीनं देत आहे."

माझ्या मर्जीनं. लग्न झाल्यापासून हे शब्द या घरात पहिल्यांदाच उच्चारले गेले, आणि तेही यांच्या तोंडून. हिरवी खूण आली. मी फोन पलंगावर टाकला आणि पापड बघायला गच्चीवर गेले. तिथं कठड्याशी बसले. थोडा वेळ रडलेही. कान मिळणार म्हणून रडले. बाकी कशासाठी नाही.

शस्त्रक्रिया झाली. जखम भरल्यावर डॉक्टर मुजावर यांनी यंत्र सुरू केलं. पहिले काही दिवस सगळी माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी ऐकू येत होती. मग मेंदू हळूहळू शिकला. चमच्याचा आवाज वेगळा झाला, रिक्षाचा वेगळा, आणि एका सकाळी दूधवाला जिन्यातून "ताई" म्हणाला ते मला त्याच्याकडे न बघता कळलं. मी त्याच्याकडून नको असताना एक लिटर जास्त दूध घेतलं.

त्या फोनच्या धसक्यानं बिघडलेली श्रीयुतांची तब्येत तोवर सुधारली होती. रविवारी संघाच्या सभेला मी मागच्या रांगेत जाऊन बसले. यांना वाटलं, मला लांबून ऐकू येत नसेल.

"आमच्या परिचयातल्या एका भगिनीला असाच फोन आला," अध्यक्ष सांगत होते. "बिचारी साधी गृहिणी. पार घाबरून गेली. योगायोगानं मी तिथं पोचलो म्हणून वाचली. मी त्या भामट्याला असा झापला..."

टाळ्या पडल्या. टाळ्यांचा आवाज इतका स्वच्छ ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर मी खात्याचा फोन टेबलावर ठेवला. "बँकेला फोन लावा. जुन्या सावलीची संमती द्यायची आहे. आज, आत्ता. नाहीतर पुढच्या रविवारी मी पुढच्या रांगेत बसते, आणि त्या भगिनीची शाल अंगावर घेऊन येते."

त्यांनी लावला. स्पीकरवर आधी यंत्राचा आवाज आला, नाव सांगा म्हणाला. श्रीयुतांनी माझ्याकडे पाठ केली, घसा साफ केला आणि बोलले.

मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला. अक्षरांत वाचलेलं वेगळं होतं. हा आवाज बारीक होता, लाडिक होता, वाक्याच्या शेवटी वर जाऊन मोडत होता, दर शब्दाला माफी मागत होता. या बाईला भात आणि भांडी सोडून जगातलं काही कळत नसणार, हे ऐकणाऱ्याला लगेच पटावं असा. मी चेअरमनला ओलीस धरल्यासारखं प्रयोगशाळेत उभं करायचे, साखरेचा आकडा खाली आणायला नकार द्यायचे, हे या माणसानं जन्मभर जवळून पाहिलं होतं. आणि जगासमोर मी म्हणून उभं राहायची वेळ आली, तेव्हा त्यानं ही बाई काढली. इतकी चीड मला त्या भामट्याचीही आली नव्हती.

"जुळणी पूर्ण," यंत्र म्हणालं. "अधिकाऱ्यांशी जोडत आहोत."

अधिकारी तरुण होता, उत्साही. "नमस्कार त्रिशला मॅडम! कशा आहात? नवी सावली घ्यायचीय म्हणे. जुनी कायमची पुसली जाईल हं. मग ती परत येत नाही. पुसू ना?"

श्रीयुत गोंधळले. 'कायमची' ऐकून असेल, माझ्या नजरेनं असेल, किंवा नुसत्या सवयीनं असेल. सवय किती खोल असते ते त्या यंत्रवाल्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांच्या तोंडून तेच बाहेर पडलं, जे प्रत्येक अडचणीच्या फोनला पडत आलं होतं.

"अं... मला बाई यातलं काही कळत नाही. मिस्टरांना विचारून सांगते."

मला वाटलं, संपलं. आता हा फोन ठेवणार आणि पुन्हा 'बघू' सुरू होणार. पण पलीकडचा मुलगा बिलकूल दचकला नाही. उलट त्याचा आवाज खुलला.

"बरोबर आहे मॅडम. असल्या गोष्टी विचारूनच केलेल्या बऱ्या. मिस्टर आहेत का घरात? द्या ना त्यांना."

मी टेबलावरून फोन उचलला आणि स्पीकर बंद करून नव्या कानाजवळच्या यंत्राशी धरला.

"हॅलो," मी म्हणाले. माझ्या स्वतःच्या आवाजात. मिलवर कमावलेल्या, खर्जातल्या.

"नमस्कार सर! मॅडमचे मिस्टर बोलताय ना?"

"भूपाल आरवाडे बोलतोय. पुसून टाका."

"ओके सर. नवी सावली उद्या शाखेत येऊन काढून घ्या सर, मॅडमना घेऊन या. अजून काही सेवा, सर?"

"नाही."

"थँक्यू सर."

ना जन्मतारीख विचारली, ना ओटीपी, ना बोट मोजलं, ना श्वास. चोरांपासून वाचायला बँकेनं एवढी अक्कल खर्चून जे दार बसवलं होतं, ते 'मी मिस्टर बोलतोय' एवढ्यावर उघडलं.

मी फोन खाली ठेवला. श्रीयुत लाल झाले होते. त्यांचा खरा आवाज मला कित्येक वर्षांनी स्पष्ट ऐकू आला, आणि तो मला वाटत होता त्यापेक्षा बराच लहान निघाला.

"तू माझं नाव घेतलंस! माझ्या नावानं बँकेला फसवलंस. हा गुन्हा आहे, त्रिशला. मी तक्रार करीन."

"करा की," मी फोन त्यांच्यापुढं सरकवला. "फक्त कुठल्या आवाजात करताय, ते आधी ठरवा."